खर्जातलं पितळ: बेस ट्राँबोन कोणता आणि कुणासाठी?

बेला बार्टोकच्या ‘कॉन्सर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’च्या चौथ्या भागात बेस ट्राँबोनवाल्याचा कस पाहणारी एक जागा आहे. खालच्या ‘बी’पासून वरच्या ‘एफ’पर्यंत स्वर न तुटता सरकवत न्यायचा, आपल्याकडचा गवई तिला मींड म्हणेल. १ डिसेंबर १९४४ रोजी बॉस्टनमध्ये सर्गेई कूसेविट्स्की यांच्या संचालनाखाली ही रचना पहिल्यांदा वाजली आणि तेव्हापासून ही मींड कशी घ्यायची यावर वादक डोकं लढवत आले आहेत. बार्टोकने तसं अशक्य काही लिहिलं नव्हतं. मध्य युरोपात ‘एफ’मध्ये लावलेला एक लांब बेस ट्राँबोन होता आणि बहुधा तोच त्याच्या डोळ्यांसमोर असावा. त्यावर स्लाइड पूर्ण बाहेर असताना ‘बी’ मिळतो, पूर्ण आत घेतली की ‘एफ’. हाताच्या एका फेकीत काम होतं. अमेरिकेतल्या वादकाच्या हातात मात्र तोवर वेगळंच वाद्य आलं होतं. नाव तेच, नळी वेगळी.

बेस ट्राँबोन निवडताना होणारा बराचसा गोंधळ या एका नावामुळे होतो. त्याखाली निदान चार-पाच वेगवेगळी वाद्यं नांदून गेली आहेत. कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: सिंफनीला मोठा घ्या, जॅझला लहान. हे उत्तर अगदीच खोटं नाही, पण त्यावर विसंबून कुणी पाच लाख रुपये खर्च करू नयेत. माझ्या मते शैलीच्या नावाआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात. वाजवताना शेजारी कोणती वाद्यं असणार? आणि ऐकणारा कान किती लांब असणार, सभागृहाच्या शेवटच्या रांगेत की वीतभर अंतरावरच्या मायक्रोफोनमध्ये? बोअर, बेल, व्हॉल्व्ह, माउथपीस यांची चर्चा या दोन उत्तरांनंतर करावी.

आधी वाद्याची अडचण समजून घेऊ. साध्या टेनर ट्राँबोनची नळी सुमारे नऊ फूट लांब, ‘बी फ्लॅट’मध्ये लावलेली असते. स्लाइडच्या सात जागा, प्रत्येक जागेला अर्धा स्वर खाली. सातव्या जागेवर, हात पुरता लांब केल्यावर, खालचा ‘ई’ लागतो. ओठ आणखी सैल सोडले की नळीचे मूळ स्वर निघतात, त्यांना पेडल म्हणतात. त्यातला सर्वांत वरचा ‘बी फ्लॅट’. या ‘ई’ आणि ‘बी फ्लॅट’ यांच्यामधले पाच स्वर, म्हणजे ई फ्लॅट, डी, डी फ्लॅट, सी आणि बी, टेनरवर सरळ मार्गाने मिळतच नाहीत. हे स्वर साधारण ६० ते ८० हर्ट्झच्या पट्ट्यात येतात. विजेच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण १०० हर्ट्झची असते, म्हणजे आपण तिच्याही बऱ्याच खाली आहोत. या पाच स्वरांची सोय कशी लावायची, यातूनच बेस ट्राँबोनच्या वेगवेगळ्या जाती निघाल्या.

सर्वांत जुना उपाय म्हणजे नळीच लांब करायची. मिखाएल प्रेटोरियसने १६१९ च्या सुमारास आपल्या ग्रंथात टेनरपेक्षा चार आणि पाच स्वर खाली लावलेल्या ट्राँबोनांची नोंद केली आहे. पण नळी लांब झाली की स्लाइडही लांब होते आणि माणसाचा हात काही वाढत नाही. म्हणून स्लाइडला लाकडी दांडा लावण्याची युक्ती निघाली. इंग्लंडमध्ये ‘जी’मधला असा दांड्याचा ट्राँबोन विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ऑर्केस्ट्रात टिकला, ब्रास बँडमध्ये त्यानंतरही काही वर्षं. अरुंद नळी, कडक धारेचा आवाज. ‘द प्लॅनेट्स’ लिहिणारा गुस्ताव्ह होल्स्ट स्वतः पोटापाण्यासाठी ट्राँबोन वाजवत असे. त्याच्या कानात बेस ट्राँबोन म्हणजे हाच आवाज असणार. आजच्या रुंद अमेरिकी वाद्यावर ‘द प्लॅनेट्स’ वाजतो तेव्हा त्यातली ती धार बोथट होते, असं मला वाटतं.

फ्रान्सने तर हा प्रश्नच बाजूला ठेवला. तिथे तिन्ही ट्राँबोन टेनर असत आणि पॅरिसच्या ऑपेरात बेस ट्राँबोन नाही याची खंत बेर्लिओझने आपल्या वाद्यवृंदलेखनाच्या ग्रंथात मांडली आहे. पण गडी हिकमती. १८३७ च्या ‘रेक्विएम’मध्ये त्याने टेनर ट्राँबोनांचे खोल पेडल स्वर आणि कितीतरी वर बासऱ्या असा मेळ घातला. दोहोंच्या मध्ये नुसती पोकळी. वाद्य नाही म्हणून अडून न बसण्याचं हे उदाहरण मोठं वाद्य घेण्याच्या हट्टावर चांगला उतारा आहे.

आजचा मार्ग खुला झाला तो १८३९ मध्ये, लाइपझिगमध्ये. क्रिस्टियान फ्रीडरिश झाटलर या कारागिराने ट्राँबोनला एक व्हॉल्व्ह जोडला. अंगठ्याने खटका दाबला की हवा जास्तीच्या सुमारे तीन फूट नळीतून फिरते आणि ‘बी फ्लॅट’चं वाद्य ‘एफ’चं होतं. पाचांतले चार स्वर पदरात पडले. पाचवा, म्हणजे ‘बी’, थोडक्यात निसटला, कारण नळी लांब झाल्यावर स्लाइडच्या जागांमधलं अंतरही वाढतं आणि सातऐवजी सहाच जागा मावतात. बार्टोकच्या त्या मींडेचं दुखणं नेमकं इथलं आहे. व्हॉल्व्हची नळी ओढून ‘ई’मध्ये आणली तर खालचा ‘बी’ मिळतो, पण मग वरचा ‘एफ’ सुटतो. कुणी वाजवता वाजवता डाव्या हाताने ती नळी आत ढकलतो, कुणी दोन व्हॉल्व्हच्या अदलाबदलीत सांधा लपवतो. निर्मळ मींड क्वचितच ऐकू येते.

दुसरा व्हॉल्व्ह आला तो या उरलेल्या एका स्वरासाठी. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे ॲलन ऑस्ट्रँडर, शिकागो सिंफनीचे एडवर्ड क्लाइनहॅमर यांच्यासारखे वादक या प्रयोगांत होते. आधी दुसरा व्हॉल्व्ह पहिल्याच्या आतल्या नळीवर बसवला जाई. म्हणजे तो पहिल्याबरोबरच चालतो, एकटा नाही; याला डिपेंडंट म्हणतात. पुढे दोन्ही व्हॉल्व्ह मुख्य नळीवर एकापुढे एक बसवलेले इंडिपेंडंट वाद्य आलं आणि १९७० नंतर तेच रूढ झालं. त्यात पहिला दाबला की ‘एफ’, दुसरा एकटा दाबला की ‘जी फ्लॅट’, दोन्ही दाबले की ‘डी’. खालच्या ‘सी’ आणि ‘बी’साठी हात ताणत बसावं लागत नाही.

मापांकडे वळू. सिंफनीतल्या टेनर ट्राँबोनचा बोअर, म्हणजे स्लाइडच्या नळीचा आतला व्यास, ०.५४७ इंच असतो. बेस ट्राँबोनचा रूढ बोअर ०.५६२ इंच. फरक जेमतेम ०.४ मिलिमीटर! बेलचा, म्हणजे पुढच्या पसरट भागाचा, व्यास टेनरचा साडेआठ इंच, बेसचा साडेनऊ. मूळ नळीची लांबी दोघांची सारखीच. तेव्हा आजचा बेस ट्राँबोन म्हणजे रुंद केलेला, दोन खटके लावलेला टेनरच आहे. ही गोष्ट लक्षात ठेवली तर निवडीतल्या बऱ्याच चुका टळतात. खोल आवाज यावा म्हणून जो-तो वाद्य रुंद करायला धावतो, आणि एका मर्यादेनंतर त्यातला ट्राँबोन हरवतो.

ऑर्केस्ट्रात ही मर्यादा फार चटकन दिसते. तिथे बेस ट्राँबोनच्या एका बाजूला दोन टेनर, दुसऱ्या बाजूला ट्यूबा. टेनरची नळी बरंच अंतर सरळ, एकाच व्यासाची जाते, म्हणून आवाज तेजस्वी. ट्यूबाची नळी हळूहळू रुंदावत जाते, म्हणून आवाज गोल. बेस ट्राँबोनवाल्याने दोघांना सांधायचं असतं. त्यातून रचनांचे काळ वेगवेगळे. हायडनच्या ‘द क्रिएशन’मध्ये (१७९८) बेस ट्राँबोनला गायकवृंदाच्या खालच्या आवाजाबरोबर धावावं लागतं; निवडचाचणीत हा भाग हमखास विचारतात, कारण जड वाद्य तिथे लगेच उघडं पडतं. बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीत (१८०८) ट्राँबोन शेवटच्या भागापर्यंत थांबून असतात. ब्राम्सच्या पहिलीतही (१८७६) तेच: तीन भाग गप्प बसायचं आणि मग थंड पडलेल्या वाद्यावर, थंड पडलेल्या ओठांनी, हलक्या आवाजात कोरल उचलायचं. तिथे बेस ट्राँबोनने स्वरसंगतीचा पाया धरायचा, तोही पुढे न येता. अशा संगीताला एका व्हॉल्व्हचा हलका बेस ट्राँबोन आजही उत्तम शोभतो आणि काही वादक खास त्यासाठी तो जपून ठेवतात.

वाग्नर, ब्रुकनर, माहलर, श्ट्राउस यांच्याकडे आलं की गणित बदलतं. ऑर्केस्ट्रा मोठा, सभागृह मोठं, आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचं. इथे अमेरिकी आणि जर्मन कल्पना वेगळ्या वाटांनी गेल्या. शिकागोत क्लाइनहॅमर १९४० ते १९८५ इतका काळ होते आणि त्या ऑर्केस्ट्राच्या पितळी वाद्यांचा भरीव, भिंतीसारखा आवाज ही अमेरिकेत एक मोजपट्टीच बनली. बाख कंपनीचं ५० क्रमांकाचं मॉडेल, कॉनचं ६२एच, पुढे बॉस्टन सिंफनीचे डग्लस येओ यांच्याबरोबर यामाहाने घडवलेला बेस ट्राँबोन, शिवाय शायर्स आणि एडवर्ड्स यांच्यासारखे भाग निवडून वाद्य जुळवून देणारे कारखाने, हे सगळे याच वळणाचे. जर्मन घडणीत बेल रुंद पण पत्रा पातळ. एरफुर्टचा क्रुस्पे, ब्रेमेनचे थाइन ही त्यातली मानाची नावं. हलक्या आवाजात हे वाद्य गडद आणि मऊ बोलतं, जोर वाढवला की एकदम फुटून पेटतं. अमेरिकी वाद्य जोरातही आपला रंग फारसा सोडत नाही. वाग्नरला मला जर्मन जास्त भावतो. पण शेजारचे दोघे अमेरिकी वाद्यं घेऊन बसले असतील तर एकट्याने जर्मन आणणं म्हणजे तिघांच्या मेळात फट पाडणं.

गेल्या काही दशकांत मात्र वाढीला धरबंद राहिलेला नाही. स्लाइडची एक नळी ०.५६२ आणि दुसरी ०.५७८ इंचांची, बेल दहा आणि साडेदहा इंचांची, माउथपीस जवळजवळ ट्यूबाला शोभेल असा. एकटं वाजवताना हे सुखद वाटतं, खोली भरून जाते. ऑर्केस्ट्रात बसल्यावर कळतं की ट्यूबा शेजारी आहेच, दुसऱ्या ट्यूबाची कुणाला गरज नव्हती. कोडायच्या ‘हारी यानोश’मध्ये नेपोलियनच्या पराभवाची जी टवाळी बेस ट्राँबोनने करायची असते, ती गुबगुबीत आवाजात होऊच शकत नाही.

वाग्नरच्या ‘रिंग’मध्ये याहून खालचा काँट्राबेस ट्राँबोन लागतो आणि व्हेर्दीच्या ऑपेरांत चिंबास्सो नावाचं वाद्य, जे अलीकडे हॉलिवूडच्या पार्श्वसंगीतात भीती आणि भव्यता दाखवायला पुन्हा पुढे आलं आहे. ही दोन्ही वेगळी वाद्यं आहेत. त्यांचं काम निभावावं म्हणून बेस ट्राँबोन मोठा घेण्यात अर्थ नाही. ती कधीतरी लागतात तेव्हा भाड्याने आणावीत.

आता जॅझ. बिग बँडमध्ये सहसा चार ट्राँबोन, चौथ्या खुर्चीवर बेस. ट्यूबा नसतो. खालच्या बाजूला सोबत असते ती बॅरिटोन सॅक्सोफोनची आणि बोटांनी छेडलेल्या डबल बेसची. दोघांचाही आवाज सुरुवातीला टोकदार, मग विरत जाणारा. शेजारी असे असले की बेस ट्राँबोनच्या स्वराला स्पष्ट तोंड लागतं. तो लोळत आला तर सगळा ठेका चिखलात जातो. स्टॅन केंटनच्या बँडने १९४० च्या दशकात बार्ट व्हार्सलोना यांच्यासह ही खुर्ची मानाची केली. पण या वाद्याला खऱ्या अर्थाने गळा दिला तो पुढच्या दशकातल्या जॉर्ज रॉबर्ट्स यांनी. केंटनकडून ते हॉलिवूडच्या स्टुडिओंत गेले आणि नेल्सन रिडल यांच्या वाद्यमेळांत बेस ट्राँबोन हे एक स्वतंत्र पात्र बनलं. फ्रँक सिनात्राच्या ‘आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन’ या १९५६ च्या ध्वनिमुद्रणात मधला भाग पायरीपायरीने चढत जातो आणि शेवटी मिल्ट बर्नहार्ट यांचा टेनर ट्राँबोन उसळतो. ती उसळी सगळ्यांना आठवते. त्या चढणीच्या तळाशी रॉबर्ट्स आहेत, हे दुसऱ्यांदा ऐकताना कळतं.

रॉबर्ट्स यांच्या वादनात इथे लागू पडणारा धडा आहे. ते बहुतेक वेळा मायक्रोफोनजवळ, हलक्या आवाजात, गायकासारखं वाजवत. शेवटच्या रांगेची चिंता नव्हती. जवळच्या मायक्रोफोनला श्वास, जिभेचा स्पर्श, स्वराची कड, सगळं ऐकू जातं आणि अतिरुंद वाद्याचा पसरटपणाही तो दामदुपटीने दाखवतो. दुसरी गोष्ट ऐकणाऱ्याच्या बाजूची. त्या काळचा रेडिओ काय किंवा आजचा मोबाइल काय, लहान स्पीकर ६० हर्ट्झचा स्वर धडपणे उमटवूच शकत नाही. कान तो स्वर त्याच्या वरच्या उपस्वरांवरून मनात उभा करतो. म्हणजे ध्वनिमुद्रणात खर्ज ‘ऐकू’ यायचा तर त्यात उपस्वरांची चमक पाहिजे. गडद, गोल, उपस्वर दाबून टाकणारं वाद्य स्टुडिओत नाहीसं होतं. म्हणून स्टुडिओतली जाणती मंडळी साडेनऊ इंचांची हलकी बेल, साधा ०.५६२ बोअर आणि मध्यम माउथपीस यांना सोडत नाहीत. जुन्या कॉन आणि ओल्ड्स वाद्यांची मागणी टिकून आहे ती काही केवळ जुन्याच्या हौसेपायी नव्हे.

काउंट बेसी यांच्या बँडमधले बिल ह्यूज, ड्यूक एलिंग्टन यांच्याकडे १९६१ पासून असलेले चक कॉनर्स ही याच परंपरेतली माणसं. नंतरच्या बिग बँड लेखनात खालच्या पट्टीत वेगाची कामं वाढली, तेव्हा दोन व्हॉल्व्ह जवळजवळ अनिवार्य झाले. लॅटिन बँडांचंही थोडं सांगायला हवं. एडी पाल्मिएरी यांच्या ‘ला पेर्फेक्ता’ने १९६१ पासून ट्राँबोनांना साल्सात पुढे आणलं, पण ते टेनर. तिथे बेस ट्राँबोन घ्यायचाच तर तो तालवाद्यासारखा ठोस आणि आखूड बोलणारा हवा.

इंग्लंडमधल्या ब्रास बँडची गंमत वेगळीच आहे. खाणी आणि गिरण्यांच्या गावांत वाढलेल्या या बँडांत सगळ्या पितळी वाद्यांची पानं ट्रेबल क्लेफमध्ये लिहिलेली असतात, म्हणजे वादकाला एका वाद्यावरून दुसऱ्यावर जाणं सोपं पडतं. अपवाद एकच: बेस ट्राँबोन. त्याचं पान बेस क्लेफमध्ये आणि जसा स्वर तसा लिहिलेला. कदाचित त्यामुळेच हा माणूस बँडमध्ये थोडा उपराच असतो. शेजारी बघा: कॉर्नेट, हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम आणि चार बेस ट्यूबा, सगळी हळूहळू रुंदावणाऱ्या नळ्यांची, गोल आवाजाची कुटुंबं. सरळ नळीची वाद्यं फक्त तीन ट्राँबोन. चार ट्यूबांच्या जोडीला आणखी एक गडद आवाज घातला तर तो कुणालाच ऐकू येणार नाही. तरीही ब्रास बँडवाले मोठ्यात मोठा बेस ट्राँबोन घेताना दिसतात. मला हे कोडं सुटलेलं नाही. दांड्याच्या जुन्या ‘जी’ ट्राँबोनची आठवण काढणारे म्हातारे वादक काय म्हणतात ते मात्र समजू शकतं.

नाट्यसंगीताच्या खड्ड्यात, म्हणजे ब्रॉडवे पद्धतीच्या संगीतिकांत, जागा अपुरी आणि वादक मोजके. बेस ट्राँबोनवाल्याला तिथे टेनरची आणि कधी ट्यूबाचीही पानं वाजवावी लागतात. हलकं, वरच्या पट्टीतही न अडखळणारं वाद्य घ्यावं. बाकी चिकित्सा तिथे कुणी करत नाही.

एकल वादनाचं पारडं सिंफनी आणि जॅझ या दोन्हींच्या मधलं. झाख्शेचा कॉन्सर्टिनो, लेबेदेव्हचा कॉन्सर्टो, फ्रिग्येश हिदाशची ‘रॅप्सडी’, एरिक इवेझन आणि क्रिस ब्रुबेक यांचे कॉन्सर्टो अशा रचना वादकाला तीन सप्तकांच्या आसपास फिरवतात. गाता येईल असं वाद्य हवं. खालचा ‘बी’ दणक्यात निघतो पण वरचा ‘जी’ ओढून काढावा लागतो, असं वाद्य इथे अडसर ठरतं.

भागांचा विचार आता थोडक्यात, कारण त्यावर लागते त्याहून जास्त शाई खर्च झाली आहे. व्हॉल्व्हमध्ये जुना रोटर सर्वांत सुटसुटीत. त्यातून हवा जोरात वळते, म्हणून किंचित अवरोध जाणवतो. पण अनेकांना तोच अवरोध टेकायला बरा वाटतो. अमेरिकेच्या एड थायर यांनी काढलेला शंकूच्या आकाराचा व्हॉल्व्ह हवेला फार न वाकवता पुढे पाठवतो. आवाज मोकळा, पण यंत्र बोजड आणि तेलपाण्याचे लाड मागणारं. स्वित्झर्लंडच्या रने हागमान यांचा व्हॉल्व्ह दोहोंच्या मधला. इंडिपेंडंट की डिपेंडंट या वादात लोक रात्री जागवतात. मला विचाराल तर सिंफनी आणि आधुनिक जॅझ दोन्ही करायचं असेल तर इंडिपेंडंट घ्यावं. मुख्यतः साधी, खुल्या नळीची गाणी वाजवायची असतील तर डिपेंडंट हलकं पडतं आणि मुख्य मार्गात एकच व्हॉल्व्ह असल्याने बोलतंही मोकळं.

बेलच्या धातूबद्दल जरा संशय ठेवलेला बरा. पिवळ्या पितळेत साधारण ७० टक्के तांबं, सोनेरी पितळेत ८५ च्या आसपास, तांबड्यात ९०. पिवळं तेजस्वी, तांबडं गडद, असं सर्रास सांगितलं जातं. ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञ रिचर्ड स्मिथ यांनी १९८० च्या दशकात वेगवेगळ्या जाडीच्या पत्र्याच्या ट्राँबोन बेल घेऊन वादकांची चाचणी केली. डोळे बांधल्यावर त्यांना त्या खात्रीने वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. याचा अर्थ बेलला काहीच महत्त्व नाही असा होत नाही. तिचा आकार, तिची रुंदावत जाणारी रेषा फार बोलते. धातूच्या रंगासाठी पन्नास हजार जास्त मोजण्याआधी मात्र दोनदा विचार करावा. त्याऐवजी माउथपीसकडे बघावं. बाखचा दीड-जी हा मध्यम मापाचा, शिल्केचा ६० हा मोठा. या दोघांत काही मिलिमीटरचाच फरक, पण एकच वाद्य दीड-जीवर बिग बँडला साजेसं बोलतं आणि ६० वर माहलरला. किमतीच्या मानाने एवढा बदल वाद्याचा दुसरा कोणताच भाग घडवत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न अगदीच परका नाही. मुंबईच्या हिंदी चित्रपट स्टुडिओंमध्ये पाश्चात्त्य वाद्यांचा डोलारा बराच काळ गोव्याच्या वादकांनी पेलला आणि सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या संयोजकांनी त्यांच्यासाठी पितळी वाद्यांच्या भरदार जागा लिहिल्या. त्यांचं काम मायक्रोफोनसमोरचं, म्हणजे रॉबर्ट्स यांच्या घराण्याला जवळचं. सिंथेसायझर आल्यावर ती खोली रिकामी झाली. २००६ मध्ये मुंबईच्या एनसीपीएत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला आणि सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा खर्ज शहरात पुन्हा नियमित ऐकू येऊ लागला. गोवा, मुंबई, पुणे इथे शिकणाऱ्या तरुणाला या दोन्ही वाटा कधी ना कधी लागतील. एखादा चर्चचा कार्यक्रम, एखादं जाहिरातीचं ध्वनिमुद्रण, एखादी सिंफनी, आणि या तिन्हींसाठी तीन वाद्यं कुणाच्याच खिशाला परवडत नाहीत.

अशा माणसाने माझ्या मते ०.५६२ बोअरचं, साडेनऊ इंच बेलचं, दोन इंडिपेंडंट रोटरचं वाद्य घ्यावं आणि वाचलेल्या पैशांत दोन वेगळे माउथपीस. थायरची चैन इथे सोसवत नाही, कारण तो दुरुस्त करणारा हात सहज सापडत नाही. कोकणपट्टीच्या दमट हवेत आणि घामात रोटर आठवडाभर तेलाविना राहिला तरी कुरकुरतो. पितळेतलं जस्त झिजून नळीवर तांबडे ठिपके उमटतात. जुनं वाद्य घेताना स्लाइडच्या आतल्या बाजूला असे ठिपके दिसले तर भाव कितीही उतरवला तरी घेऊ नये. नवं व्यावसायिक दर्जाचं वाद्य परदेशातून आणलं की आयातकर धरून पाच लाखांच्या पुढे जातं. चिनी कारखान्यांतली वाद्यं याच्या अंशभर किमतीत मिळतात. त्यांच्यात चांगलं आणि टाकाऊ एकाच पेटीच्या रांगेत उभं असतं, तेव्हा ती न वाजवता मागवू नयेत.

वजनही विसरू नये. दोन व्हॉल्व्हचं वाद्य दोन किलोंच्या वर जातं आणि ते सगळं डाव्या हातावर तोलायचं. दुकानातल्या पाच मिनिटांत हे कळत नाही. वाद्य निदान अर्धा तास हातात धरावं. आधी अगदी हलक्या आवाजात खालचा ‘सी’ आणि ‘बी’ उचलून बघावेत, कारण जोरात ते सगळ्याच वाद्यांवर निघतात. मग एखाद्या मित्राला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं करावं, मोबाइलचं ध्वनिमुद्रण चालू ठेवून तो जवळच्या खुर्चीवर ठेवावा, आणि जमलं तर ज्या टेनर ट्राँबोनवाल्याबरोबर पुढची काही वर्षं बसायचं आहे त्यालाच सोबत न्यावं. दोघांनी मिळून एखादं संथ कोरल वाजवून बघावं, आणि त्याला जे वाद्य खटकेल ते तुम्हाला कितीही आवडलं असलं तरी परत पेटीत ठेवावं.